सव्वादोन

लीथच्या बंदरालगत, जुन्या दारूच्या गोदामात,
विटांना अजून पिंपांचा वास आहे,
तिथे मी सरकारांना बोलायला शिकवते.
म्हणजे सरकारांना नाही,
नऊ देशांतून आलेल्या चौदा माणसांना,
ज्यांच्या गळ्यात पट्टी, पट्टीला फोटो,
आणि फोटोत कुणीच हसत नाही.

पहिला धडा सोपा.
'शासन परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे'
हे फळ्यावर लिहायचं आणि पुसायचं.
कोण ठेवतंय लक्ष? कुठल्या खिडकीतून?
त्या बाईचं नाव सांगा.
ती दुपारी काय जेवली ते नको.
ओघेनेकारो खदखदून हसतो. लिउदास लिहून घेतो,
'काय जेवली ते नको' हेसुद्धा.

दुसरा धडा: आधी वेळ, मग खेद, मग आकडा.
आकडा माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा.
जीभ जड होईल, होऊ द्या.
उचललं बोट आणि लावलं काचेला,
तसं नको,
पण बोट आखडून बसलात
तर रिकाम्या जागेत अफवा बिऱ्हाड थाटते
आणि भाडंही देत नाही.
सहा वर्षं हे म्हणते आहे. इतकं गुळगुळीत झालंय
की कधी कधी वाक्य माझ्याआधीच वर्गात पोचतं.

सव्वादोनला सराव.
मॉरागने रचलेलं संकट पडद्यावर उमटतं:
एका नसलेल्या देशाची नसलेली बोट
बुडालेली,
आणि तुमच्या वकिलातीने फोनच उचलला नाही
अशी कुणीतरी सोडून दिलेली चित्रफीत.
वीस मिनिटं. दोनशे ऐंशी अक्षरं.
यंत्र काना वेगळा मोजतं, वेलांटी वेगळी,
म्हणून माझ्या भाषेत
शोकसुद्धा जरा आखडता घ्यावा लागतो.
हे मी त्यांना सांगत नाही,
अभ्यासक्रमात नाही.

चौदा कळफलक, तेरांचा आवाज.
तेवाइता काही लिहीत नाही.
तिचा देश भिंतीवरच्या नकाशात
स्टेपलरच्या पिनेखाली गेलाय.
मी तक्त्यात 'गती'पुढे शून्य मांडते,
'स्वर'पुढे शून्य,
आणि मग दिसतो
टेबलावर उपडा घातलेला तिचा फोन,
थरथरत, कडेकडेला सरकत.

तिच्याकडे खरी बोट आहे.

मॉराग पडदा विझवते. उलट मोजणारं घड्याळ
तसंच चालू राहतं, कुणाला सुचत नाही.
लिउदास पाणी आणून ठेवतो.
अधिकृत खातं तुझ्याकडेच का, कुणी विचारतं.
तिच्याकडे, आणि एका उमेदवार मुलाकडे,
तो धक्क्यावर पळालाय,
त्याची आत्या बोटीत.
मंत्री विमानात.
तिथेही सव्वादोनच होऊन गेलेत, रात्रीचे.

आता मी काय शिकवू?
तोंडात आलेलं 'आधी वेळ' गिळून टाकते.
ती लिहिते. तिच्या भाषेत. दोन ओळी.
पाठवते,
आणि मग आम्हाला सांगते, सावकाश,
जणू आम्हीच परगावचे:
'ज्यांच्याकडे दिवा आहे त्यांनी उत्तरेच्या धक्क्यावर या.
नावं मी इथे एकेक सांगेन,
घरच्यांना कळल्यावर.'

खेद नव्हता त्यात. आकडाही नव्हता.
बाहेर सीगल कुणाच्या तरी पावासाठी भांडत होते.

संध्याकाळी तक्ते द्यायचे असतात.
तिची शून्यं पेनाने मांडलेली,
मी नुसती बघत बसले.
मॉराग म्हणाली, राहू दे, उद्या देऊ.

पुढच्या महिन्यात नवी तुकडी येईल.
पहिलं वाक्य मी लिहीन आणि पुसेन.
दुसऱ्या धड्याचं अजून ठरत नाहीये.

पहाटे तीनला तिच्या खात्यावर पहिलं नाव आलं.
लिपी रोमन, म्हणून वाचता आलं.
अंधाऱ्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून पाहिलं.
उच्चार चुकला असणार.
पुन्हा म्हटलं.